एपेक्स, बीड, प्रेप, रिंग ऑफ फायर... नेल टेक्निशियन लोकांची भाषा कुणी सोप्या मराठीत सांगेल का?

नखभर_शहाणी

नमस्कार मंडळी. नेल्सचा कोर्स लावलाय, आज अकरावा दिवस. हात बऱ्यापैकी वळायला लागलाय पण मॅडम जे बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. काल माझं काम बघून म्हणाल्या, "एपेक्स पुढे गेलाय, साइडवॉल फ्लड झालीये, आणि बीड केवढा वेट घेतेस गं?" मी मान डोलावली. शेजारच्या मुलीनेही डोलावली. नंतर जिन्यात तिला विचारलं तर म्हणे मला वाटलं तुला कळलंय.

आता घोळ सांगते. जावेच्या हातावर सराव करत होते, "आधी क्युटिकल काढायचं" एवढं लक्षात होतं म्हणून निपर घेऊन नखाच्या मुळाची कातडी कापत सुटले, तिसऱ्या बोटाला रक्त. जाऊबाई काही बोलल्या नाहीत पण तेव्हापासून माझ्यासमोर हात पदराखाली घेऊन बसतात. दुसरा घोळ म्हणजे जेल लॅम्पमधून (ते घट्ट करणाऱ्या दिव्याखालून) काढलं तरी बोटाला चिकट लागत होतं, म्हणून परत घातलं, परत चिकट, परत घातलं, असं तीनदा. शेवटी वाटलं बाटलीच खराब आहे.

व्हिडिओ बघितले तर आणखी गोंधळ. एक बाई ज्याला ओव्हरले म्हणते त्यालाच दुसरी बिल्डर म्हणते, तिसरी बायब म्हणते, चौथी म्हणते हे सगळं जेलच आहे. शब्दांची यादी नकोय, यादी कुठेही मिळते आणि वाचून काही डोक्यात शिरत नाही. म्हणजे नक्की काय, कुठे असतं आणि चुकलं तर काय होतं असं कुणी सांगेल का?

---

दहाबोटं

आधी जाऊबाईंची माफी माग, मग पुढचं वाच :)

तू जे कापलंस ते क्युटिकल नव्हतंच. ही चूक नव्यातल्या बहुतेकींची होते कारण हा शब्दच सगळीकडे ढिला वापरतात. नखाच्या मुळाशी कातडीची जी जाडसर कड दिसते ना, ती जिवंत आहे, तिला आपल्या धंद्यात एपोनिकियम म्हणतात (डॉक्टर लोक त्यातही आणखी फोड करतात, ती तूर्त सोड). तिच्या खालच्या बाजूने मेलेल्या पेशींचा एक पातळ पापुद्रा सुटतो आणि नखाला चिकटून नखाबरोबर पुढे सरकत येतो. क्युटिकल म्हणजे तो पापुद्रा. जवळजवळ पारदर्शक असतो म्हणून दिसत नाही. बोट उजेडात तिरकं धर आणि पुशर (कातडी मागे सारायची चपट्या टोकाची दांडी) अगदी हलक्या हाताने नखावरून फिरव, पांढुरकी भुकटी निघेल, तेच ते. म्हणजे क्युटिकल खरवडायचं असतं, निपर लागलाच तर फक्त सुटून आलेल्या मेलेल्या कातडीसाठी. जिवंत कड म्हणजे खालच्या नव्या नखाच्या दाराची फट बुजवणारी पट्टी आहे, ती कापलीस की जंतूंना रस्ता मोकळा, मग कड सुजते, ठणकते, पू होतो. त्याला पॅरोनिकिया म्हणतात. आपल्या आज्या त्यालाच नखुरडं म्हणायच्या.

मग क्युटिकल काढायचंच कशाला? कारण वरचं मटेरियल (जेल, अॅक्रिलिक, जे काही लावतेस ते) या पापुद्र्यावर बसलं तर ते नखाला धरतच नाही, पापुद्र्याला धरतं, आणि पापुद्रा सुटला की तेही उचलतं. याला म्हणायचं लिफ्टिंग. हा शब्द तू रोज ऐकणार आहेस.

आता बाकीचा नकाशा भराभर सांगते. ज्याला आपण नख म्हणतो ती नेल प्लेट, मेलेल्या केराटिनचे थर, म्हणून कापली तरी दुखत नाही. तिच्याखालची गुलाबी गादी म्हणजे नेल बेड. मुळाशी कातडीखाली मेट्रिक्स, तिथे नख तयार होतं, त्याला जोरात दुखापत झाली तर नख कायमचं वेडंवाकडं येऊ शकतं, म्हणून मुळाशी पुशर दाबायचा नाही. अंगठ्यावर जी पांढरी चंद्रकोर दिसते ती ल्युन्युला, मेट्रिक्सचाच दिसणारा भाग. बोटाच्या पुढे आलेलं ते फ्री एज. फ्री एजच्या खाली आत जी कातडी नखाला चिकटलेली असते ती हायपोनिकियम. नख फार खोल कापलं की आपण "जिव्हाळीला लागलं" म्हणतो ना, तीच जागा. दोन्ही बाजूच्या कडा म्हणजे साइडवॉल. मटेरियल नखावरून उतरून कातडीवर गेलं की फ्लड झालं. फ्लड झालेलं सुकल्यावर कातडीला धरून बसतं, कातडी हलते तसं ते हलतं आणि दोन दिवसात तिथूनच लिफ्टिंग सुरू. शिवाय कातडीला लागत राहिलं तर अॅलर्जीला आमंत्रण, ते कुणीतरी केमिस्ट्रीवालं येऊन सांगेलच.

एपेक्सवर जरा थांबते कारण बाकीचं चुकलं तर नख वाईट दिसतं, हे चुकलं तर नख तुटतं. नख नेल बेड सोडून फ्री एज होतं ती रेघ बघ. त्या पट्ट्याला स्ट्रेस एरिया म्हणतात. बोट कुठेही आपटलं, बाटलीचं झाकण उघडलं, की सगळा जोर तिथे येतो. म्हणून मटेरियलची सगळ्यात जास्त जाडी तिथे किंवा तिथून किंचित मागे ठेवायची, आणि मुळाकडे, कडांकडे आणि टोकाकडे पातळ करत न्यायचं. ती सगळ्यात उंच जागा म्हणजे एपेक्स. कासवाच्या पाठीसारखा. बघायचं कसं तर बोट डोळ्याच्या रेषेत आडवं धर. नख मुळापासून हलकं चढून मग उतरायला पाहिजे. तुझा पुढे गेलाय म्हणजे उंचवटा टोकाकडे आलाय, तिथे नुसतं वजन होतं आणि जोर पडतो ती जागा उपाशी राहते. मला अजूनही एक सवय आहे, दिव्याखाली नख धरून त्यावर पडलेली उजेडाची रेघ बघायची. रेघ मुळापासून टोकापर्यंत सलग वाहिली तर पृष्ठभाग बरोबर, मध्ये तुटली किंवा लचकली तर तिथे खड्डा किंवा टेकाड आहे. सुरुवातीला आरशासारखा टॉप कोट लावल्यावर ही रेघ दिसते आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो, म्हणून फाईल करतानाच नख जरा पुसून बघत जा.

सी-कर्व्ह म्हणजे समोरून, टोकाच्या बाजूने नळीत बघितल्यासारखं बघितल्यावर दिसणारी कमान. कौलासारखी. सपाट पट्टी सहज वाकते, कौल वाकत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र.

आकारांची नावं (स्क्वेअर, आल्मंड, कॉफिन, स्टिलेटो) दोन दिवसात आपोआप येतात, त्यात डोकं घालू नकोस.

---

प्रयोगवही

केमिस्ट्रीवालं आलं :D

मी टेक्निशियन नाही, रसायनशास्त्र शिकवते आणि हौस म्हणून स्वतःची नखं करते, त्यामुळे आकारांबद्दल मला विचारू नका पण बाटलीत काय आहे ते सांगू शकते.

तुझ्या "सगळं जेलच आहे" वाल्या बाईचं अर्धं बरोबर आहे. अॅक्रिलिक आणि जेल ही रसायनांच्या एकाच घराण्यातली भावंडं आहेत. दोन्हीत छोटे छोटे रेणू एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करतात, जाळं विणतात आणि पातळ पदार्थ घट्ट होतो. सुटा रेणू तो मोनोमर, साखळी झाली की पॉलिमर. फरक फक्त सुरुवात कोण करून देतं याचा. अॅक्रिलिकमध्ये लिक्विड हा मोनोमर आणि पावडर म्हणजे आधीच तयार पॉलिमर, पावडरमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असतं ते दोन्ही एकत्र आल्यावर काम सुरू करतं, लॅम्प लागत नाही. जेलमध्ये फोटोइनिशिएटर असतो, तो ठराविक प्रकाश पडल्याशिवाय हलत नाही. या घट्ट होण्यालाच क्युअरिंग म्हणतात. म्हणून जेल "सुकलं" म्हणू नकोस, ते सुकत नाही, त्यातून काही उडून जात नाही. साधी नेलपॉलिश सुकते.

आता तुझा चिकटपणा. बाटली ठणठणीत आहे! हवेतला ऑक्सिजन अगदी वरच्या थरात या रेणूंना हात धरू देत नाही, त्यामुळे खालचं सगळं घट्ट झालं तरी वर चिकट पातळ थर राहतो. त्याला इनहिबिशन लेअर म्हणतात, तुमच्या क्लासमध्ये टॅकी लेअर म्हणत असतील. दहा वेळा लॅम्पमध्ये घातलंस तरी तो राहणार. पुढचा कोट लावायचा असेल तर तो तसाच ठेवायचा, त्यावर पुढचा थर छान धरतो, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाकायचा. नो-वाइप टॉप कोट असेल तर पुसावं लागत नाही. फक्त तो चिकट थर बोट लावून तपासायचं बंद कर, त्यात सुटे मोनोमर असतात.

आणि इथेच अॅलर्जीचा मुद्दा येतो जो दहाबोटंताईंनी माझ्यावर ढकललाय. सुटा मोनोमर कातडीला वारंवार लागला की शरीर त्याला शत्रू समजायला लागतं. बऱ्याच जेलमध्ये हेमा नावाचा मोनोमर असतो (पूर्ण नाव हायड्रॉक्सिइथिल मेथॅक्रिलेट), त्याच्यामुळे अॅलर्जी झालेल्या लोकांची संख्या बरीच आहे. एकदा झाली की ती सहसा जात नाही, आणि अशाच जातीची रसायनं दातात भरायच्या सिमेंटमध्येही असतात, म्हणजे नखाची चूक डेंटिस्टच्या खुर्चीपर्यंत जाऊ शकते. युरोपियन युनियनमध्ये हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरासाठी विकायची असा नियम आहे. टीपीओ नावाचा एक फोटोइनिशिएटर तर तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच केलाय, म्हणून हल्ली बाटल्यांवर "टीपीओ फ्री" लिहिलेलं दिसतं.

अंडरक्युअर्ड हा शब्द म्हणूनच गंभीरपणे घ्या. वरून कडक, आत अर्धं कच्चं. हाताला कळतही नाही. जाड थर, गडद रंग (रंगद्रव्य प्रकाश अडवतं), अंगठा लॅम्पमध्ये वाकडा ठेवणं, ही त्याची नेहमीची कारणं. आणखी एक म्हणजे लॅम्प आणि जेलची जोडी न जुळणं. लॅम्पवरचे वॅट बघून काही कळत नाही. प्रकाशाची तरंगलांबी महत्त्वाची, बहुतेक लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपास चालतात आणि जेल कशासाठी बनवलंय ते कंपनीलाच माहीत. म्हणून शक्यतो ज्याचं जेल त्याचाच लॅम्प.

हीट स्पाइक म्हणजे लॅम्पमध्ये हात घातल्यावर अचानक चटका बसतो ते. लॅम्प तापत नाही, रेणू हात धरताना उष्णता सोडतात. थर जितका जाड तितके रेणू जास्त एकदम. हात लगेच बाहेर काढायचा, थांबायचं, परत घालायचा, आणि पुढच्या वेळी थर पातळ.

जाता जाता: एमएमए आणि ईएमए. अॅक्रिलिकच्या लिक्विडमध्ये ईएमए म्हणजे इथिल मेथॅक्रिलेट असावं. एमएमए (मिथिल) स्वस्त पडतं, पण त्याचं नख इतकं कडक होतं की आपटल्यावर वरचं न तुटता खालचं खरं नख उपटून येतं. अॅसिटोनमध्ये नीट विरघळत नाही, फाईल करताना घाम निघतो. अमेरिकेत एफडीएने १९७० च्या दशकातच त्याच्याविरुद्ध कारवाई केली होती. विचित्र उग्र वास, दगडासारखं नख आणि बाटलीवर घटकांची नावंच नाहीत, असं तिन्ही एकत्र दिसलं तर ते लिक्विड वापरू नका.

---

नखभर_शहाणी

अरे देवा, मी तर तो चिकट थर दर वेळी बोटाने चाचपून बघायचे. बंद. एकदम बंद.

बीड राहिला हो पण. आणि दोन नवीन प्रश्न. एक, फाईलवर १००, १८०, २४० लिहिलेलं असतं, मी आकडा मोठा म्हणजे जास्त खरखरीत समजून नैसर्गिक नखाला १०० वापरत होते. दोन, नख घासायच्या मशीनच्या बिटवर (पुढे बसवतो त्या फिरत्या तुकड्यावर) लाल निळ्या हिरव्या रेघा कशाला असतात, मला वाटलं शोभेला.

---

घासूनपुसून

शोभेला 😂😂 माझंही तेच झालेलं, मी तर रंग मॅच करून सेट घेतला होता.

ग्रिट उलटं असतं. आकडा लहान तर दाणा मोठा आणि खरखरीत. ८०-१०० फक्त अॅक्रिलिक किंवा हार्ड जेलवर, १८० फ्री एजला आकार द्यायला, नैसर्गिक नखाच्या पृष्ठभागावर २४०, तेही दोनचार हलके हात. नुसती चमक गेली पाहिजे, नख जायला नको. १०० ने घासलेल्या नखांची जाडी आता वाढून पुढे जाईपर्यंत परत येणार नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवीन यायला पाच-सहा महिने. पायाचं तर वर्ष-दीड वर्ष घेतं.

बिटच्या रेघा म्हणजे कापण्याची ताकद. पिवळी सगळ्यात मऊ, लाल मऊ, निळी मध्यम, हिरवी खरखरीत, काळी सगळ्यात राक्षसी. प्रत्येक कंपनी थोडं इकडेतिकडे करते त्यामुळे नवीन बिट आधी स्वतःच्या जुन्या टिपवर (चिकटवायच्या प्लास्टिकच्या नखावर) चालवून बघ. डायमंड बिट घासतो, कार्बाइडला धारा असतात तो कापतो, म्हणून कार्बाइड नैसर्गिक नखावर टेकवायचा नाही. शँक म्हणजे मशीनमध्ये जाणारी दांडी, ती २.३५ मिलिमीटरची, बहुतेक सगळीकडे तीच चालते. आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे, आणि टॉर्क म्हणजे दाबल्यावर न अडखळता फिरत राहायची ताकद. मशीनवर ३५,००० लिहिलंय म्हणून ३५,००० वर चालवायचं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टॉर्क कमी असला की बिट अडतो, मग आपण स्पीड वाढवतो, मग चटका बसतो, मग क्लायंट हात ओढते.

आता रिंग ऑफ फायर. नाव ऐकून मला वाटलं होतं एखादं डिझाईन असेल. मुळाशी काम करताना बिट नखाला समांतर न ठेवता टोकावर उभा केला की तो नखात खाच पाडतो, मुळाशी अर्धगोल लाल रेघ उमटते, ती रिंग. माझ्या पहिल्या पेड क्लायंटच्या चार बोटांवर काढली होती मी. तिने तेव्हा काही म्हटलं नाही, पण जेल लॅम्पमध्ये गेल्यावर जी किंचाळली... त्या खाचेत नख इतकं पातळ असतं की हीट स्पाइक सरळ आत पोचतो. ती रेघ नखाबरोबर वाढत वाढत पुढे येते, दर फिलला (वाढलेलं नख भरून घ्यायला ती यायची तेव्हा) मला दिसायची आणि मी मान खाली घालायचे.

बीड: ब्रश लिक्विडमध्ये बुडवून, कडेला जरा निथळून, टोक पावडरमध्ये फिरवलं की जो थेंब तयार होतो तो बीड. नखावर ठेव आणि हात लावू नकोस, फक्त बघ. बरोबर असेल तर क्षणभर गोळी म्हणून बसतो, मग हळूच पसरून गुळगुळीत होतो. वेट असेल तर ठेवल्या ठेवल्या पळतो, भोवती लिक्विडचं तळं होतं आणि साइडवॉलला जातो (तुझी फ्लड तिथूनच आली, मॅडमनी दोन चुका सांगितल्या पण मूळ एकच आहे). ड्राय असेल तर पांढरा, दाणेदार, पसरतच नाही. या प्रमाणाला मिक्स रेशो म्हणतात. पक्कं झालं का बघायला ब्रशच्या दांडीने टकटक करायचं, कडक "टक" असा आवाज आला की फाईल घे, "ठप" आला की थांब.

प्रेपमध्ये, म्हणजे मटेरियल लावायच्या आधी नख तयार करताना, तीन बाटल्या असतात त्या सगळ्या सारख्याच दिसतात, प्राइमर भरपूर लाव म्हणजे लिफ्टिंग होणार नाही.

---

दहाबोटं

@घासूनपुसून बाकी सगळं पटलं, रिंगची कबुली तर आवडलीच, पण शेवटचं वाक्य परत घे बाई. प्राइमर भरपूर लावल्यानेच लिफ्टिंग होतं. आणि तो अॅसिड प्राइमर असेल तर कातडीला लागून भाजतं.

तीन बाटल्या वेगवेगळ्या आहेत. डिहायड्रेटर नखाच्या वरवरचं तेल आणि ओल काढतो, काही मिनिटंच, म्हणून लावून फोनवर बोलत बसायचं नाही. प्राइमर नख आणि मटेरियल यांच्यात दोन्ही बाजूंनी धरणारा दुवा होतो. अॅसिडवाला हवेवर वाळतो, अॅसिड-फ्री वाला किंचित चिकट राहतो, तो तसाच राहायला पाहिजे. बॉन्डर हा बहुतेक ठिकाणी जेलसाठीचा पातळ चिकट बेस, लॅम्पमध्ये जातो. काही कंपन्या प्राइमरलाच बॉन्डर म्हणतात, त्याला इलाज नाही, बाटली उलटी करून वाचायचं. प्राइमर लावायचा म्हणजे ब्रश टिश्यूला टेकवायचा आणि उरलेल्या ओलीने नखाच्या मध्ये एक ठिपका. तो स्वतः पसरतो.

---

घासूनपुसून

परत घेतलं. मला एका सिनियरने "दोन कोट लाव" शिकवलेलं आणि मी तेच करत आलेय. तरीच.

---

टेबलापलीकडची

मी क्लायंट आहे, टेक्निशियन नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडूनही हेच होतं. मी कितीतरी वर्षं "शेलॅक करून द्या" म्हणायचे, ते एका कंपनीच्या जेल पॉलिशचं नाव आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि "जेल लावा" म्हटल्यावर एकीने पॉलिश लावली, दुसरीने लांब नखं चिकटवली. तेव्हा क्लायंट जो शब्द वापरते तो जसाच्या तसा घेऊ नका, "लांबी वाढवायचीये का आहे तेच मजबूत करायचंय का फक्त रंग" एवढं विचारा.

दुसरं, एकदा माझं नख एका कोपऱ्यात उचललं होतं, मी तसंच ठेवलं, तीन आठवड्यांनी काढलं तर खाली हिरवा डाग. जिच्याकडे गेले ती म्हणाली फंगस आहे, वरून गडद रंग लावते, दिसणार नाही. मी घाबरून डॉक्टरकडे गेले तर भलतंच निघालं.

---

प्रयोगवही

@टेबलापलीकडची बरं केलंत गेलात. तो हिरवा बहुतेक वेळा फंगस नसतो, स्यूडोमोनास नावाचा जिवाणू असतो, उचललेल्या मटेरियलखाली ओल अडकली की वाढतो आणि तो हिरवा रंगही त्याचाच. टेक्निशियन लोक त्याला ग्रीनी म्हणतात, ऐकायला गोड वाटतं. झाकायचा नाही, मटेरियल काढायचं, ती फाईल टाकून द्यायची आणि डॉक्टरकडे पाठवायचं. काय झालंय हे ठरवणं टेक्निशियनचं काम नाही.

---

दहाबोटं

आणि "जेल"चा गुंता सोडवून टाकते, कारण नखभर_शहाणीचा मूळ प्रश्न तो होता. काही शब्द मटेरियलचे असतात आणि काही कामाचे, लोक ते एकमेकांत मिसळतात.

ओव्हरले हे काम आहे, स्वतःच्याच नखावर मजबुतीचा थर, लांबी नाही. एक्स्टेन्शन हेही काम, लांबी वाढवायची, एकतर टिप चिकटवून किंवा खाली कागदी फॉर्म लावून त्यावर घडवून, त्याला स्कल्प्टिंग म्हणतात. हीच कामं अॅक्रिलिकने होतात, जेलनेही होतात. बिल्डर जेल हे मटेरियल, घट्टसर, ज्याने एपेक्स उभा करता येतो. तेच ब्रशवाल्या बाटलीत भरलं की बिल्डर इन अ बॉटल, त्याचं लघुरूप बायब. म्हणजे तुझ्या तिन्ही बायका कदाचित एकच गोष्ट करत होत्या, एक कामाचं नाव सांगत होती, एक मटेरियलचं, एक डब्याचं.

सोक-ऑफ म्हणजे अॅसिटोनमध्ये मऊ होऊन निघणारं, हार्ड जेल निघत नाही, फाईलच करावं लागतं. काढायची वेळ यायच्या आधी हे माहीत असावं, नाहीतर क्लायंट अर्धा तास अॅसिटोनमध्ये बोटं बुडवून बसते आणि काही होत नाही (बघितलंय मी).

---

नखभर_शहाणी

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. वहीत यादी फाडून टाकली आणि एका पानावर मोठं नख काढलं, आडवं आणि समोरून, आणि प्रत्येक शब्द जिथला तिथे लिहिला. लिफ्टिंगला वेगळं पानच दिलं, कारण बघता बघता सगळे रस्ते तिथेच जाऊन मिळाले, क्युटिकल राहिलं तरी लिफ्टिंग, फ्लड झालं तरी लिफ्टिंग, प्राइमर जास्त झाला तरी तेच.

आज जाऊबाईंनी एक हात दिला. एकच, डावा. पुशरने खरवडल्यावर खरंच पांढरी भुकटी निघाली, त्यांनाही दाखवली. बीड अजून थोडा वेट होतोय पण तळं नाही झालं. एपेक्स आडवा धरून बघितला तर अनामिकेचा बरोबर, बाकी चार जरा पुढे.

पण मॅडम आज दुसऱ्या बॅचला सांगत होत्या, "इनफिल नको, हिला बॅकफिल लागेल." आता हे काय?

---

दहाबोटं

अनामिकेपासून सुरुवात झाली हे चांगलंय.

इनफिल किंवा फिल म्हणजे दोन-तीन आठवड्यांत मुळाशी वाढून आलेली मोकळी जागा भरणं. आणि लक्षात घे, नख पुढे सरकलं म्हणजे एपेक्सही पुढे सरकला, म्हणून नुसती फट भरून चालत नाही, उंचवटाही परत मागे आणावा लागतो, त्याला रीबॅलन्स म्हणतात. बॅकफिल फ्रेंच नखांना लागतो, म्हणजे टोक पांढरं आणि बाकी गुलाबी. (फ्रेंच म्हणतात पण हे नाव रूढ केलं ते १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ऑर्ली कंपनीच्या जेफ पिंक यांनी, असो.) पांढरं आणि गुलाबी जिथे मिळतात ती हसऱ्या ओठांसारखी कमान म्हणजे स्माइल लाइन. नख वाढलं की तीही टोकाकडे जाते. मग पुढचं पांढरं खाच पाडून पातळ करायचं, नवीन पांढरं भरायचं आणि स्माइल लाइन परत जागेवर आणायची.

ती खाच पाडायला बिट लागतो, तेव्हा जाऊबाईंच्या हातावर नको. आधी सुट्या टिपवर.